बॅगेतलं बॅगेत

प्रवासाची बॅग कशी भरावी यावर मी आमच्या घरात एकदा व्याख्यान दिलं होतं. श्रोत्यांत एकटी नीला, म्हणजे माझी बायको, आणि तीही मेथी निवडत होती. "तुम्ही बायका बॅग भरत नाही, कोंबता. ह्या वेळी माझी बॅग मी भरणार," असं मी जाहीर केलं. नीला "बरं" म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिच्या "बरं"ची मला भीती वाटते, पण त्या दिवशी मी तिकडे दुर्लक्ष केलं. आमच्या मुग्धाला बेंगलोरला नोकरी लागली होती आणि लेकीची खोली बघायला मी नाशिकजवळच्या ओझरहून विमानानं निघालो होतो. बॅग नवी, कुलूपही नवं. मेन रोडवरच्या दुकानदारानं कुलूप देताना सांगितलं होतं, "साहेब, वर हत्ती बसला तरी तुटायचं नाही."

विमानतळावर आत शिरलं की मोठ्या सामानाची तपासणी होते. बॅग पट्ट्यावर ठेवायची, ती रबरी झालरीतून यंत्रात शिरते आणि पलीकडे पडद्यापाशी बसलेलं माणूस तिच्या पोटातलं सगळं बघतं. माझी बॅग आत गेली आणि पट्टा थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला. पडद्यापाशी गणवेशात अलकाताई शेळके बसल्या होत्या. अलकाताई म्हणजे आमच्या समोरच्या दाराच्या. आदल्याच संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे डबाभर भाजणी पाठवली होती. मी ओळखीचं हसलो, हातही हलवला.

"सर, ही बॅग आपली आहे का?" अलकाताई म्हणाल्या.

सर! घरी मी 'भाऊ' असतो.

"अहो ताई, मीच की."

"बॅग आपली आहे का, सर?"

"हो."

"स्वतः भरलीत का?"

"हो," हे मात्र मी जरा छाती काढून म्हणालो.

"कुणी काही ठेवायला दिलंय का?"

"नाही."

"आत पॉवर बँक आहे. ती ह्या सामानातून जात नाही, हातातल्या पिशवीत घ्यावी लागते. उघडून काढा."

मी शर्टाचा खिसा चाचपला. पँटचे चारही खिसे चाचपले. तिकिटाचं पाकीट झटकलं, चष्म्याचं घर उघडून बघितलं. मागे रांग वाढत होती. अलकाताई पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या, "सर, किल्ली बॅगेत आहे."

"कशावरून?"

"दिसतेय. घडी केलेल्या पँटच्या खिशात. शेजारी नेलकटर आहे."

कुलूपबंद बॅगेतली स्वतःची किल्ली दुसऱ्यानं आपल्याला दाखवावी, असा प्रसंग शत्रूवरही येऊ नये. मी म्हटलं, "मग तोडा कुलूप." तर म्हणाल्या, "आम्ही हात लावत नाही. ज्याची बॅग त्यानं उघडायची." गांगुर्डे नावाचा त्यांचा एक सहकारी, अंगानं दांडगा आणि चेहऱ्यानं लाजाळू, पक्कड घेऊन आला. मी पक्कड लावली, दात आवळले, सगळा जोर एकवटला. दुकानदार खरं बोलला होता. कुलूप शाबूत राहिलं, बॅगेची चेन उपटून हातात आली.

पॉवर बँक काढली. किल्ली गडबडीत पँटच्या खिशातच राहिली. कुलूपच लोंबकळतंय म्हटल्यावर तिचं करायचं तरी काय? गांगुर्डेनं दिलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांनी मी बाकड्यावर बॅग बांधत बसलो. बारशाला पाळण्याला फुगे बांधताना सुद्धा माझ्या गाठी सुटतात, तेव्हा वेळ लागणारच होता. त्या वेळात मी अलकाताईंचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं.

माझ्यामागे सटाण्याकडची एक आजी होती, नऊवारीतली, सोबत जावई. तिची बॅग आत गेली आणि पट्टा पुन्हा थांबला. पुढे कधीतरी अलकाताईंनी मला समजावलं, कपडे, साबण, खाण्याचे जिन्नस, सगळं पडद्यावर नारिंगी दिसतं, लोखंड-पितळ निळं, आणि यंत्राला ज्याच्या आरपार बघता येत नाही ते काळंकुट्ट. आजीच्या बॅगेत कपड्यांत गुंडाळलेली एक काळी लांबट वस्तू होती. दोन पोलिस जवळ सरकले. जावयाच्या कपाळावर घाम. अलकाताई उठल्या, हातमोजे घातले आणि बॅगेच्या झाकणावर दोन बोटांनी टकटक केलं, जसं आपण कुणाच्या दारावर करतो.

"आजी, उघडता का? काय आहे यात?"

आजीनं चेन ओढली. वर लुगडी, खाली झबली, आणि झबल्यांच्या मध्ये लाल टोपडं घालून झोपवलेला दगडी वरवंटा.

"हाऊ वरवंटा शे, माय," आजी अहिराणीत म्हणाली. "नातूना बारसा शे. तठे बठ्ठा मिक्सरवाला लोके. पाळणाखाले काय मिक्सर फिरावू का?"

पोलिस हसले, जावई तोंड लपवायला लागला. अलकाताई हसल्या नाहीत. त्यांनी तो वरवंटा दोन्ही हातांत, मानेखाली हात घालून बाळ घेतात तसा उचलला, स्फोटकं ओळखायची कागदी पट्टी त्यावर फिरवून तपासला, आणि आजीकडे देताना हळूच म्हणाल्या, "गोविंद घ्या." आजीनं तो घेतला. "गोपाळ घ्या," ती म्हणाली आणि परत झबल्यांत निजवला. "आजी, हातातल्या पिशवीत नेला असतात तर अडवावा लागला असता. ह्या बॅगेतून जाईल," असं सांगून अलकाताई परत पडद्यापाशी. पुढची बॅग. "सर, ही आपली आहे का?"

अलकाताई आता नाशकात नसतात. त्यांची स्वतःची बॅग ह्याच यंत्रावर अडली, तो दिवस मला सांगायचा आहे. पण तिथवर जायला आधी त्या कशा होत्या ते सांगायला हवं.

माहेर निफाडकडचं. शेळके भाऊजी, त्यांची लेक प्राजक्ता शाळेत असतानाच गेले. अलकाताईंनी अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर बायकांच्या पिशव्या तपासायची नोकरी धरली, पुढे चाळिशीत परीक्षा देऊन ओझरला लागल्या. बोलणं एरवी आमच्यासारखंच शहरी. पण आनंद झाला किंवा राग आला की निफाड बाहेर पडायचं. 'लय' आणि 'हाय' ऐकू आलं की समजायचं, आज काहीतरी आहे.

त्या कामावर पडद्यापुढे फार वेळ बसू देत नाहीत. डोळे मरतात म्हणून थोड्या थोड्या वेळानं उठवून दुसऱ्याला बसवतात. ही सवय अलकाताईंनी घरी आणली. आमच्याकडे मालिका बघायला यायच्या आणि ऐन रंगात, सासू दरवाजा उघडणार तेवढ्यात, ताडकन उठायच्या. "वहिनी, तुम्ही बसा आता पडद्यावर, माझी वेळ झाली," म्हणत गॅलरीत जाऊन लांब रामशेजच्या डोंगराकडे बघत उभ्या राहायच्या. परत येऊन विचारायच्या, "काही संशयास्पद?" नीला त्यांना मधला वृत्तांत द्यायची. दोघींचं हे इतकं अंगवळणी पडलं की मी एकटा टीव्ही बघत असलो तरी नीला येऊन म्हणायची, "उठा, पाळी बदला."

मी बाजारातून भाजी आणली की जिन्यातच गाठायच्या. "भाऊ, पिशवी आपलीच का? स्वतः भरलीत का?" आत किडकी वांगी असली की मी म्हणायचो, "नाही ताई, भाजीवाल्यानं भरली." मग त्या पिशवी खालून हातानं तोलायच्या आणि म्हणायच्या, "जाऊ द्या. पण वहिनींसमोर उघडा. मालक त्या हायेत."

मात्र एका गोष्टीत त्या खडकासारख्या. कुणाच्या बॅगेत काय दिसलं हे कधी सांगायच्या नाहीत. आमच्या सोसायटीतल्या लोकांना वाटायचं, रोज इतक्या बॅगा बघणाऱ्या बाईकडे केवढा खजिना असेल! कोजागरीला दूध आटेपर्यंत सगळे त्यांच्या मागे लागायचे. सोनं दिसतं का हो? बाटल्या? कुणाची दातांची कवळी? त्या दूध ढवळत म्हणायच्या, "बॅग म्हणजे माणसाचं माजघर. आम्ही दार वाजवून आत डोकावतो. डोकावलेलं बाहेर सांगायचं नसतं. बॅगेतलं बॅगेत." वरवंट्याची गोष्टसुद्धा त्यांनी सांगितली नाही. ती मी सांगतोय, कारण मी नुसता प्रवासी.

बेंगलोरहून मी परत आलो तेव्हा उपटलेली चेन बघून नीलानं विचारलंच. मी म्हटलं, "ह्या लोकांना सामानाची किंमत नसते. आपटतात!" नीला तडक समोर गेली. दाराआड उभा राहून ऐकलं तर अलकाताई शांतपणे सांगत होत्या, "वहिनी, बॅगेतलं बॅगेत. भाऊंना विचारा." नीला परत आली, माझ्याकडे बघून "बरं" म्हणाली आणि बॅग माळ्यावर टाकली. मी मनातल्या मनात अलकाताईंना कोपरापासून नमस्कार केला.

पण हा खडक फोडायचे प्रयत्न व्हायचे. पहिल्या मजल्यावरच्या चौधरीकाकू मुलाच्या नव्या फ्लॅटच्या वास्तुशांतीला बेंगलोरला निघाल्या. बॅगेत पूजेचं सगळं साहित्य, त्यात कापूर आणि काडेपेटी. विमानात पेटणारी वस्तू चालत नाही. पण काकूंचा भरवसा होता, यंत्रावर आपली अलका आहे.

"बॅग आपली आहे का?"

"अगं अलके, मी!"

"स्वतः भरलीत का?"

शेवटी कापूर आणि काडेपेटी बाहेर निघाली. काकूंनी विमानतळ डोक्यावर घेतला. "देवाच्या कामाला अडवतेस? आपलीच माणसं ना आपण?"

"माणसं आपली, काकू. विमान सगळ्यांचं," अलकाताई म्हणाल्या. "आणि देवाला कुठं अडवलंय? देव बसू दे की विमानात. काडेपेटी तेवढी राहील."

काकू तणतणत विमानात बसल्या. बेंगलोरला मुलाच्या दारात पोचतात तर दारात एक मुलगी उभी. हातात कापराची डबी, काडेपेटी आणि वर तुपाच्या वातींचा पुडा. "मी प्राजक्ता. आईचा फोन आला होता." अलकाताईंची लेक लग्न होऊन तिथेच असते, आईनं जेवणाच्या सुट्टीत फोन करून तिला अर्ध्या शहरातून पिटाळलं होतं. परत आल्यावर काकू स्वतः हा किस्सा जिन्याजिन्यात सांगत सुटल्या. पहिला भाग वगळून, अर्थात. तो मला रांगेत मागे असलेल्या एका ओळखीच्यानं सांगितला.

असं सगळं ठीक होतं. अलकाताईंना घोर होता तो दोनच गोष्टींचा. एक प्राजक्ता. तिला दिवस गेले होते, आणि तिला सासू नव्हती. "बाळंतपणाला तिच्या उशाशी मी असणार," असं अलकाताईंनी लेकीला वचन दिलेलं. रजा मागून ठेवली, तारखेच्या आदल्या आठवड्याचं तिकीट काढलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅगा विमानात पाठवल्या, स्वतः एकदाही बसल्या नव्हत्या.

दुसरा घोर गांगुर्डेचा. आपण महिनोन् महिने रजेवर गेलो की त्या पडद्यापाशी हाच बसणार. गांगुर्डे सुरगाण्याकडचा. "नजर घारीची," अलकाताई म्हणायच्या, "साबणाच्या वडीतला केस दिसेल त्याला. पण 'नाही' म्हणायची वेळ आली की तोंडाला भाऊंचं कुलूप लागतं." (हे त्या मला एकट्यालाच ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या.) ओळखीचं कुणी समोर आलं, कुणी डोळ्यांत पाणी आणलं, की हा लाल व्हायचा आणि अलकाताईंकडे बघायचा.

म्हणून एका रविवारी त्यांनी गांगुर्डेला मिसळ खायला बोलावलं आणि मिसळीनंतर आमच्या दिवाणखान्यात त्याची परीक्षा मांडली. सोफा म्हणजे पट्टा. माझी तीच दुर्दैवी बॅग माळ्यावरून उतरवली. मी उर्मट साहेब झालो. "तुला माहीत आहे का मी कोण आहे?" असं मी गरजलो. गांगुर्डे घाबरत का होईना, पण म्हणाला, "सर, हे जाणार नाही." मी हरलो. मग नीला आली. तिनं पदर डोळ्याला लावला. "दादा, बहिणीच्या घरी चाललेय रे. तिला ह्याच गॅसच्या शेगडीवर केलेली भाकरी आवडते." नाटकात काम करायची हौस नीलाची लग्नाआधीची, त्या दिवशी सगळी भागवून घेतली. गांगुर्डेच्या ओठांतून 'नाही' निघेना. शेवटी तो म्हणाला, "ताई... मी... शेगडी उचलून देऊ का विमानापर्यंत?" आणि खरंच बॅग उचलून दारापर्यंत गेला.

अलकाताईंनी कपाळाला हात लावला. पण हसून हसून त्यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. "आरं बाबा," त्या म्हणाल्या, "एकदा तरी 'नाही' म्हण. मी सुखानं लेकीकडं जाईन."

लेकीसाठी बॅग तर महिनाभर आधीच भरून दाराआड उभी होती. त्यात डिंकाचे लाडू होते, पण खोबऱ्याशिवाय. सुकं खोबरं तेलकट, तापलं तर पेट घेऊ शकतं, म्हणून सामानात चालत नाही. लाडवात किसून घातलेलंही अलकाताईंना नको होतं. चौधरीकाकूंनी त्याला नाव ठेवलं होतं, "सरकारी लाडू".

आणि मग तिकिटाच्या आठवडाभर आधीच, एका सकाळी, जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्यात, दवाखान्यात नेतोय.

अलकाताईंनी दोन्ही दारं उघडी टाकून हाक मारली, "भाऊ! गाडी काढा!" त्या दिवसाच्या विमानाचं तिकीट मिळालं. बेंगलोरचं विमान दिवसातून एकच. हे चुकलं तर उद्या. मी खाली गाडी काढेपर्यंत नीला धावत आली आणि माझ्या हातात एक पुडकं कोंबलं. "प्राजक्ताची ओटी आहे. ताईंच्या हातात द्या. हातात, कळलं?" मी मान हलवली. घाईत अशी मान मी पुष्कळदा हलवतो.

वाटेत अलकाताई फोनवरून लेकीशी बोलत होत्या. "श्वास घे, बाळा. लांब घे. मी आलेच." आडगाव मागे पडलं, दहाव्या मैलाचा फाटा आला. मला त्या वेळी ते पुडकं त्यांच्या हातात कसं द्यावं ते सुचेना. एका हातात फोन, दुसऱ्यानं पुढची सीट घट्ट धरलेली. विमानतळावर डिकीतून बॅग काढताना तिचा बाजूचा कप्पा उघडा दिसला. मी पुडकं त्यात सरकवलं आणि चेन लावली. ह्या वेळी चेन तुटली नाही, याचंच मला कौतुक वाटलं.

अलकाताई आत गेल्या. मला तिकीट नव्हतं, तेव्हा मी काचेबाहेर उभा राहिलो. काचेतून सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. पडद्यापाशी गांगुर्डे. अलकाताई साध्या साडीत, पट्ट्याच्या ह्या बाजूला. गांगुर्डेचे ओठ हलले. तीन प्रश्न, मला पाठ होते. अलकाताईंनी मान ताठ करून तीन उत्तरं दिली. बॅग आत गेली.

पट्टा थांबला. मागे आला. पुन्हा पुढे गेला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ओटी म्हणजे काय काय? खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि खोबऱ्याची वाटी. बाईचा हात ओटी भरताना डोक्याला विचारत नाही. खोबरं आपोआप पडतं. आत बॅग टेबलावर आली होती. अलकाताईंनी सवयीनं स्वतःच्याच बॅगेवर दोन बोटांनी टकटक केलं आणि बाजूचा कप्पा उघडला. हिरव्या खणाचं पुडकं बाहेर आलं, त्यातून वाटी. त्यांनी वाटीकडे बघितलं, गांगुर्डेकडे बघितलं आणि मग सरळ काचेतून माझ्याकडे.

त्या गांगुर्डेशी काही बोलल्या. बराच वेळ बोलल्या. हात पोटाशी नेला, छातीशी नेला. गांगुर्डे कानांपर्यंत लाल झाला होता. त्याचं तोंड उघडलं, मिटलं, उघडलं. मी घड्याळ बघत होतो. तिथे एक लेक कळा देत होती आणि इथे मी, माझ्या हातानं, तिच्या आईची वाट अडवली होती.

मग अलकाताई वाटी घेऊन तरातरा दाराशी आल्या. दारावरच्या शिपायाला सांगून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"भाऊ, हे कुणी ठेवलं?"

"मी. नीलानं हातात द्यायला सांगितलं होतं. ताई, माफ..."

"मी तिथं ठासून सांगितलं, स्वतः भरली, कुणी काही दिलं नाय!" मी मान खाली घातली. वर बघतो तर बाईंचा चेहरा फुललेला. "अन् गांगुर्डे काय म्हणला ठाऊकाय? 'मॅडम, हे जाणार नाही.' मला! लय भारी बोलला वो!"

"तुम्ही त्याला काय सांगत होता एवढं?"

"मागत होते," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. वाटलं, पहिलटकरणीची ओटी हाय, एकच वाटी, कुणाला कळतंय? चौधरीकाकूसारखीच म्हणले, देवाचं काम हाय, जाऊ दे. तर परत म्हणला, 'नाही मॅडम.' डोळ्यात पाणी होतं त्याच्या, पण म्हणला!"

"ताई, विमान..."

"चालले. पण ओटी नाकारायची नसती." त्यांनी वाटी कठड्याच्या दगडावर हाणली, एक तुकडा तोंडात टाकला, उरलेलं खोबरं माझ्या हातावर ठेवलं. "पोटातलं मशीनमध्ये घालत नाहीत. लेकीच्या वाटचं मी खाल्लं, सांगा वहिनींना."

नाशकात त्यांना पाहिलं ते हे शेवटचं. एक गाल खोबऱ्यानं फुगलेला, साडीचा काठ एका हातात उचललेला, त्या परत यंत्रापाशी गेल्या. गांगुर्डेनं बॅग पुन्हा पट्ट्यावर घातली. पुन्हा तेच तीन प्रश्न विचारले असावेत, कारण अलकाताईंनी शाळेतल्या मुलीसारखे दोन्ही तळहात पुढे करून त्याला दाखवले. पट्टा ह्या वेळी थांबला नाही. गांगुर्डेनं बॅगेवर तपासणीची चिठ्ठी चिकटवली, आणि अलकाताईंनी जाता जाता, कुणाला कळणार नाही अशा बेतानं, त्याच्या पाठीवर थाप मारली. मला कळली, दांडगा गडी चांगला हलला होता.

संध्याकाळी फोन आला. अलकाताई दवाखान्यात पोचल्या तेव्हा प्राजक्ताला आत नेत होते. तिनं आईचा हात धरला तो नात रडेपर्यंत सोडला नाही. "मुलगी हाय, भाऊ! लय गोरी! अन् प्राजक्ता म्हणते, आई, तुझ्या तोंडाला खोबऱ्याचा वास कसा येतोय?" (त्या नातीनं पुढे आजीला इतकं अडकवलं की अलकाताईंनी नोकरी सोडली. समोरचं दार आता बंद असतं, पडद्यापाशी गांगुर्डे बसतो, आणि चौधरीकाकू म्हणतात, त्यापेक्षा अलका बरी होती.)

फोन ठेवून मी नीलाला घडलेलं सगळं सांगितलं, माझ्या हातून काय झालं तेही. ती उरलेलं खोबरं फोडून साखरेबरोबर ताटलीत मांडत होती. रागावली नाही. म्हणाली, "बारशाला आपणही जायचं. तिथे सगळे मिक्सरवाले, तेव्हा वरवंटा आपला न्यायचा. वरवंटा तुमच्या बॅगेत, किल्ली माझ्या पर्समध्ये."

खोबऱ्याचा तुकडा माझ्या तोंडाशीच थांबला.

"कसली किल्ली?" मी म्हटलं. "तुला... ताईंनी सांगितलं?"

"त्या बिचाऱ्या कशाला सांगतील?" नीला म्हणाली. "पण तुमच्या पँटी धुतं कोण?"